मोहफुलाचा गुन्हा कोणता?

फाल्गुन सरत आला की गडचिरोली, चंद्रपूर आणि मेळघाटच्या पट्ट्यातील गावे पहाटेच्या अंधारात मोहाच्या झाडाखाली जमू लागतात. रात्रभर टपटप गळलेली फिकट पिवळी, मांसल फुले उन्हे चढण्यापूर्वी वेचावी लागतात. उशीर झाला की ती सुकू लागतात, गुरे आणि रानातली जनावरे त्यांवर ताव मारतात. शिवाय हेच फूल अस्वलाचेही आवडते, त्यामुळे वेचणाऱ्याला त्याच्याशी गाठ पडण्याची धास्ती असते. आई, आजी, शाळकरी मुले असे सारे घर टोपल्या घेऊन वाकलेले असते. कोणते झाड कोणत्या घराने वेचायचे, हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. त्यासाठी सातबारा काढावा लागत नाही.

त्याच दिवसांत पुण्या-मुंबईच्या एखाद्या लग्नाच्या स्वागत समारंभात पाहुण्यांपुढे उंच पेल्यांतून एक फिकट, सुगंधी पेय फिरत असते. 'एल्डरफ्लॉवर' असे त्याचे नाव. युरोपातील कुंपणांवर उगवणाऱ्या एका झुडपाची पांढरी फुले साखरेच्या पाकात भिजवून केलेले ते सरबत. त्याची आयात केलेली बाटली चांगली महाग असते आणि ती परवडते हे दाखविण्यातही एक प्रतिष्ठा असते. आता त्याच समारंभात कोणी म्हणाले की हे मोहफुलांचे सरबत आहे, तर काय होईल? पाहुण्यांच्या भुवया उंचावतील, कोणी डोळे मिचकावील, कोणी आपल्या मुलाच्या हातातील पेला काढून घेईल. यजमानाला दहा वेळा खुलासा करावा लागेल की यात 'तसले' काही नाही.

या दोन पेल्यांतील अंतर चवीचे नाही. इंग्लंडमध्ये याच एल्डरच्या फुलांपासून घरगुती मद्यही करतात आणि लहान मुलांचे सरबतही करतात. जूनच्या उन्हात कुटुंबेच्या कुटुंबे कुंपणावरची फुले तोडायला जातात, आणि त्यांच्या टोपलीकडे पाहून कोणी पोलीस त्यांना हटकत नाही. फूल एकच, त्याचे उपयोग दोन, आणि समाज दोन्ही ओळखतो. भारतात मात्र मोहफुलाचा एकच उपयोग शासनाला, पोलिसांना आणि शहरी सुशिक्षितांना ठाऊक आहे. ज्या फुलाला वनवासी समाज अन्न म्हणतो, त्याला उर्वरित समाज केवळ दारूचा कच्चा माल म्हणतो. हे अज्ञान निष्पाप नाही. त्याला इतिहास आहे, त्याला कायद्याचे पाठबळ होते, आणि त्याची किंमत आजही टोपली घेऊन वाकलेली ती आजीच मोजते आहे.

पातेल्यातील वस्तुस्थिती

वादाला हात घालण्यापूर्वी मोहाचे सरबत कसे होते, हे पाहिले पाहिजे. कारण ज्यांनी या फुलावर मते बनविली आहेत, त्यांतील बहुतेकांनी ते शिजताना पाहिलेले नाही.

ताज्या फुलात पाणी पुष्कळ असते. उन्हात वाळविले की ते मनुक्यासारखे तांबूस होते आणि वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. म्हणूनच या सरबताला बाजारातील साखर घालावी लागत नाही. पाव किलो वाळलेली फुले घ्यावीत. ती चोळून त्यांतील केसर काढून टाकावेत, कारण त्यांनी चव कडवट होते. फुले तीन-चार पाण्यांनी स्वच्छ धुवावीत आणि लिटर-सव्वा लिटर पाण्यात दोन तास भिजवून त्याच पाण्यात मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शिजवावीत. फुले फुगून मऊ झाली की स्वच्छ फडक्यातून गाळून, दाबून रस काढावा. हा रस पुन्हा आचेवर ठेवून काकवीसारखा दाट होईपर्यंत आटवावा. उतरविताना त्यात आल्याचा रस आणि दोन लिंबांचा रस घालावा. उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत तो गरम असतानाच भरावा आणि थंड झाल्यावर शीतकपाटात ठेवावा. दोन चमचे पाक, पेलाभर गार पाणी, चिमूटभर काळे मीठ. चव काहीशी खजुराच्या, काहीशी मनुकांच्या जवळची; मागे मोहाचा स्वतःचा गंध, ज्याला लिंबू आणि आले आवर घालतात.

येथेच त्या लोकप्रिय आक्षेपाचे उत्तर आहे. मोहात मद्य नसते. मद्य तयार होते ते फुले पाण्यात आंबवत ठेवून आणि नंतर ते आंबवण भट्टीवर गाळून. सरबत करणारी गृहिणी याच्या नेमके उलट करते. ती फुले आंबू देत नाही. भिजवण्याचा वेळ मोजका ठेवते, उकळते, आटवते, आंबट रस घालते. पाकाला बुडबुडे आले, फेस आला, आंबूस वास आला, तर ती तो फेकून देते. द्राक्षापासून मद्य होते म्हणून मनुका कोणी संशयाने पाहत नाही. तांदळापासून मद्य होते म्हणून पेजेला कोणी नाक मुरडत नाही. उसाच्या मळीतून तर या राज्यात मद्यार्काचे मोठे कारखाने चालतात. पण म्हणून दिवाळीत साखरेची पिशवी घेऊन जाणाऱ्या माणसाची झडती कोणी घेतलेली नाही. हा न्याय फक्त मोहालाच का लावला गेला?

मधूकाची जुनी ओळख

हे फूल भारतीय संस्कृतीला परके किंवा हीन कधीच नव्हते. संस्कृतात त्याचे नाव मधूक. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त विवाहासाठी सजणाऱ्या पार्वतीच्या केसांत दूर्वांसह गुंफलेली फिकट मधूकफुलांची माळ आहे. 'रघुवंशा'तील इंदुमतीच्या स्वयंवरातही मधूकाची माळ येते. हिमालयाच्या कन्येच्या आणि राजकन्येच्या मंगल प्रसंगी ज्या फुलाचे स्थान होते, ते फूल आज मंगल कार्यालयाच्या दारात अडविले जाते, याला प्रगती म्हणायचे काय? आयुर्वेदाच्या ग्रंथांत मधूकाचे औषधी उपयोग सांगितलेले आहेत. चरकसंहितेत मधूकासव आहे, म्हणजे आंबविण्याची क्रियाही त्या काळच्या वैद्यांना ठाऊक होती; पण ती औषधाच्या मात्रेत आणि औषधाच्या मर्यादेत.

लोकाचारात तर या फुलाचे स्थान अधिकच स्पष्ट आहे. छत्तीसगड आणि उत्तर भारताच्या मोठ्या पट्ट्यात भाद्रपद वद्य षष्ठीला हलषष्ठीचे व्रत होते. त्या दिवशी आई आपल्या मुलांच्या आयुरारोग्यासाठी उपास करते आणि नांगराने पिकविलेले काहीही खात नाही. मग ती खाते काय? न नांगरता उगवणारा भात आणि मोह. मुलांच्या दीर्घायुष्यासाठी केलेल्या व्रतात जे फूल चालते, ते फूल अन्न आहे की व्यसन, याचा निर्णय त्या मातांनी केव्हाच देऊन ठेवलेला आहे.

दुष्काळाच्या वर्षी, शेतातले धान्य संपल्यावर आणि नवे हाती येण्यापूर्वी, मध्य भारतातील असंख्य घरांनी वाळलेल्या मोहावर दिवस काढले आहेत. भाकरीत मळलेला मोह, तीळ घालून कुटलेला मोहाचा लाडू, उकडलेला मोह, पाण्यात कालवलेला मोहाचा पाक, अशी त्याची रूपे अनेक आहेत. होळीच्या सुमारास फुलणाऱ्या पळसाचेही तसेच. त्याच्या काळपट देठकोषातून केशरी पाकळ्या काढून रात्रभर पाण्यात ठेवतात, सकाळी गाळून खडीसाखर घालतात आणि उन्हातून आलेल्या माणसाच्या हाती देतात. रान हे असे वनवासी गृहिणीचे कोठार होते. ते कोठार संशयित ठरविण्याचे काम बाहेरच्यांनी केले.

फुलावर कायदा कोणी लादला?

इंग्रजी राज्याला या देशातील व्यसनमुक्तीची काळजी नव्हती. त्याला महसुलाची काळजी होती. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्य गाळण्याचे आणि विकण्याचे हक्क सरकारच्या मुठीत घेतले. घरोघरी, पाड्यापाड्यावर होणारे मद्य थांबवायचे आणि मोठ्या ठेकेदारांच्या भट्ट्यांतून ते करवून त्यावर कर घ्यायचा, असे ते धोरण होते. पण ज्या प्रदेशात मोहाची झाडे दाराशी उभी आहेत, तेथे ठेकेदाराचे महाग मद्य विकले जाणार कसे? उपाय सापडला. १८९२ मध्ये मुंबई सरकारने मोहफुलांसाठी स्वतंत्र कायदाच केला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ही फुले गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर निर्बंध घातले. ज्या वारली, कातकरी, ठाकूर कुटुंबांच्या आहारात मोह होता, त्यांच्या घरातील टोपली रातोरात पुराव्याची वस्तू झाली.

या ढोंगीपणाचा कळस तर पुढेच आहे. मुंबई बंदराच्या पलीकडे उरण येथे ठेकेदारांच्या ज्या प्रचंड भट्ट्या होत्या, त्यांत मद्य गाळले जात होते ते मोहफुलांपासूनच. पंचमहालसारख्या भागांतून मोह तेथे आणला जाई. म्हणजे ठेकेदाराच्या गोदामातील मोह हा उद्योग, आणि कातकऱ्याच्या झोपडीतील मोह हा गुन्हा! फूल तेच, झाड तेच, फरक केवळ कर कोण भरतो एवढाच. आणि हे करणारे राज्यकर्ते कोण, तर ज्यांच्या मायदेशी खेडोपाडी एल्डरची फुले वेचून सरबते आणि मद्ये निर्वेधपणे घरी होत होती ते!

परकीय राज्याने असे केले, यात नवल नाही. नवल आहे ते पुढचे. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी अधिनियम आला. त्यामागचा हेतू महसूल नव्हता, समाजाचे भले हा होता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण त्या अधिनियमानेही मोहफुलांकडे पाहण्याची दृष्टी जुनीच ठेवली. मोहफुलांची स्वतंत्र व्याख्या, मोहफुलांवर स्वतंत्र निर्बंध. अन्न म्हणून मोह बाळगणाऱ्या माणसाने आपण निरपराध असल्याचे सिद्ध करावे, असाच त्याचा प्रत्यक्षातला अर्थ झाला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींचा मालकी हक्क मान्य केला. मोहफूल हे त्या वनोपजातील एक प्रमुख. २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्याचे देशभर कौतुक झाले. पण मालकी मान्य होऊनही संशय सुटला नाही. २०१३-१४ मध्ये केंद्राने गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची योजना आणली, तेव्हा पहिल्या यादीत मोहाचे बी होते, मोहाचे फूल नव्हते! बियांपासून तेल निघते, ते सभ्य. फुलापासून काय निघते, ते सर्वांना 'ठाऊक' आहे, अशी ही विभागणी. पुढे यादी वाढली तेव्हा फुलाला जागा मिळाली. आणि महाराष्ट्र शासनाने मोहफुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध उठविण्याचा निर्णय घेतला तो २०२१ मध्ये. १८९२ ते २०२१! एका फुलाला निर्दोष सुटायला एकशे एकोणतीस वर्षे लागली.

दोन टोके, एकच चूक

निर्णय झाला, आता तक्रार कशाची, असे कोणी विचारील. तक्रार अशी की कागदावर सुटलेले फूल मनातून सुटलेले नाही. आणि आता त्याच्या भवितव्याविषयी जे दोन पक्ष भांडत आहेत, ते दोन्ही पक्ष त्याला एकाच चष्म्यातून पाहतात.

एका पक्षाला भीती वाटते की मोह मोकळा झाला की गावोगाव भट्ट्या पेटतील. या भीतीची टिंगल कोणी करू नये. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली ती लोकचळवळीच्या रेट्याने, आणि त्या चळवळीच्या अग्रभागी स्त्रिया होत्या. नवऱ्याच्या व्यसनाने उद्ध्वस्त झालेले घर ज्या बाईने सावरले आहे, तिला मोहाविषयी प्रवचन देण्याचा अधिकार शहरातील कोणालाही नाही. परंतु तिचा लढा बाटलीशी आहे, झाडाशी नाही. तीच बाई पहाटे मोह वेचते, तीच तो वाळविते. चैत्रात हाताशी पैसा नाही म्हणून ती तो पडत्या भावाने फिरत्या व्यापाऱ्याला देते आणि पावसाळ्यात, गरज पडली की, कित्येकदा तोच मोह चढ्या भावाने परत विकत घेते. तिने वेचलेला मोह भट्टीकडे जातो, कारण दुसरे गिऱ्हाईकच उभे राहू दिलेले नाही. ज्या मालाला एकच गिऱ्हाईक, तो माल त्याच दाराशी जाणार. सरबताचे, लाडवांचे, पाकाचे गिऱ्हाईक उभे राहणे हा व्यसनमुक्तीच्या विरोधातील विचार नाही. तो व्यसनमुक्तीला आजवर न लाभलेला आर्थिक आधार आहे. केवळ त्याने दारू संपेल, असा भाबडा दावा येथे नाही. पण बंदीच्या एवढ्या वर्षांत फुलावर जितके पहारे बसविले, त्याच्या दशांशाने जरी फुलाच्या पाकाला बाजार शोधला असता, तर आज चित्र निश्चित निराळे दिसले असते.

दुसरा पक्ष अलीकडचा आणि अधिक झगमगीत आहे. त्याला मोहात 'वारसा' दिसू लागला आहे, पण तो वारसा नेमका बाटलीतलाच. मध्य प्रदेशाने २०२१ मध्ये मोहाच्या मद्याला 'वारसा मद्य' म्हणून मान्यता देण्याची घोषणा केली आणि पुढे त्यासाठी धोरणही आणले. पाठोपाठ महानगरांतील रसिकांसाठी नक्षीदार बाटल्यांतून मोहाचे मद्य आणण्याची चढाओढ सुरू झाली. यात वनवासी समाजाचा सन्मान आहे, असे सांगितले जाते. वनवासी समाजाच्या विधींत आणि सणांत मोहाच्या मद्याला स्थान आहे, ते त्यांचे आहे. त्यात बाहेरच्यांनी लुडबुड करू नये, हे मान्य. पण त्या विधींतील द्रोणभर मद्य आणि पंचतारांकित हॉटेलातील पेला यांचे नाते काय? गावाचा सारा खाद्यसंसार बाजूला सारून त्यातील केवळ मादक अंश उचलायचा आणि त्याला संस्कृती म्हणायचे, ही दृष्टी उरणच्या ठेकेदाराहून वेगळी कशी? सरकार कोणत्याही पक्षाचे असो, हा प्रश्न त्याला विचारलाच पाहिजे. पोलिसाला मोहात दारू दिसते, धोरणकर्त्याला मोहात दारू दिसते. पहिला दंडुका उगारतो, दुसरा लेबल चिकटवितो. अन्न दोघांनाही दिसत नाही.

आक्षेपांचा विचार

मोहाच्या सरबताचा पुरस्कार करणाऱ्यांनी काही गैरसोयीची सत्ये लपवून चालणार नाही. मोह वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. ती आग झाडाखाली थांबत नाही. उन्हाळ्यातील कित्येक वणव्यांचा उगम तेथे होतो. त्यात मोहाची कोवळी रोपेही जळतात, आणि जुने वृक्ष उभे असताना त्यांच्या जागी येणारी नवी पिढीच दिसत नाही. उपाय साधा आहे. झाडाखाली जाळी किंवा जुनी साडी बांधली की फुले स्वच्छ मिळतात, माती लागत नाही, आग लावावी लागत नाही, आणि अशा स्वच्छ फुलाला खाद्यपदार्थ करणारा गिऱ्हाईक चांगला भावही देऊ शकतो. भट्टीला फुलाची माती चालते. सरबताला चालत नाही. म्हणजे सरबताचा बाजार हा रानाच्या रक्षणाचाही मार्ग होऊ शकतो.

दुसरे सत्य असे की नैसर्गिक म्हणून गुणकारी, या शहरी अंधश्रद्धेला येथे थारा देता कामा नये. मोहाचा पाक म्हणजे साखरच आहे, झाडाने केलेली. मधुमेह असलेल्यांनी तो साखरेच्याच हिशेबाने घ्यावा. आणि फुलांची सरबते करण्याच्या उत्साहात ओळख नसलेले फूल कोणी पातेल्यात टाकू नये. कण्हेर आणि धोतरा ही फुलेही मोहक दिसतात, पण ती विषारी आहेत. रस्त्याकडेची, धुराने माखलेली, फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरची फुले खाण्याची नव्हेत. रानातले अन्न ओळखणे ही विद्या आहे. ती पुस्तकात कमी आणि पहाटे मोहाखाली वाकलेल्या त्या आजीकडे जास्त आहे. तिचा आदर करायचा तो भाषणात नव्हे, तिच्याकडून शिकून करायचा.

कोकमाला जमले ते मोहाला का नाही?

कोकणातील आमसुलाचा प्रवास आठवावा. कोकमही रानात आणि परसात वाढणारे झाड. त्याची फळे गोळा करणे, साल वाळविणे, साखरेत मुरवून अमृतकोकम करणे, हे सारे काम घरातील बायकांचे. बरणीतून ते गावच्या पाहुण्याच्या पेल्यात आले, तेथून मुंबईच्या चाळीत आले, तेथून दुकानाच्या फळीवर आले. आज सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे कोकम सरबत ठेवताना मराठी घराला अभिमान वाटतो. कोकमामागे चाकरमानी होता, ज्याने गावची चव शहरात नेली. मोहामागे असा कोणी उभा राहिला नाही. मेळघाटचा कोरकू किंवा गडचिरोलीचा गोंड शहरात आला तो मजुरीला. आपल्या रानाची चव घेऊन येण्याइतका मान त्याला कोणी दिला नाही. कोकमाचे भाग्य असे की त्याच्यावर इंग्रजांनी कायदा केला नाही, आणि शहरातील सुशिक्षित त्याला आपले मानत होते.

म्हणून या प्रश्नाचे उत्तर निम्मे शासनाच्या हाती असले, तरी निम्मे मराठी मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात आहे. शासनाने करावयाचे स्पष्ट आहे. २०२१ चा निर्णय प्रत्येक तपासणी नाक्यावरील शिपायापर्यंत पोहोचला पाहिजे. मोहाची पिशवी घेऊन बसमध्ये चढणाऱ्या बाईला आपल्याच मालाबद्दल खुलासे द्यावे लागता कामा नयेत. आधारभूत किंमत हंगामात, गावाजवळ आणि वेळेवर मिळाली पाहिजे. वैशाखात उघडणारे खरेदी केंद्र चैत्रात विकून मोकळ्या झालेल्या घराच्या काय कामाचे? बचत गटांना स्वच्छ वाळवणीची जागा, पाक आटविण्याची साधने आणि अन्नपदार्थाच्या नोंदणीसाठी मदत मिळाली पाहिजे. मोहाच्या मद्याचे धोरण आखायला जेवढी तत्परता दाखविली जाते, तेवढी मोहाच्या अन्नासाठी दाखविली तरी पुष्कळ आहे.

आणि समाजाने? वनवासी भागात सेवाकार्य करणारे कार्यकर्ते अनेक आहेत. त्यांच्या शिबिरांत, वर्गांत, स्नेहमेळाव्यांत चहाबरोबर मोहाचे सरबत ठेवता येईल. उन्हाळ्याच्या सुट्टीत ताडोबा-मेळघाटला जाणाऱ्या कुटुंबांनी वाघाच्या छायाचित्राबरोबर किलोभर वाळलेला मोह बचत गटाकडून घेऊन यावा, त्याचा भाव पाडू नये, आणि घरी एक बाटली पाक करून पाहावा. मुलांना तो देताना त्या फुलाची गोष्ट सांगावी. पार्वतीच्या माळेची सांगावी, हलषष्ठीच्या आईची सांगावी, आणि १८९२ च्या कायद्याचीही सांगावी. पाहुण्यांनी विचारलेच की हे काय आहे, तर आवाज खाली न आणता 'मोहाचे सरबत' असे उत्तर द्यावे. शासनाने कागदावर निर्दोष ठरविलेल्या फुलाची समाजात खरी सुटका होईल, ती अशाच घरांतून.

येत्या फाल्गुनातही पहाटे ती आजी मोहाखाली वाकलेली असेल. तिच्या टोपलीला गुन्ह्याचा पुरावा समजणारे राज्य गेले, तो कायदाही गेला. आता त्या टोपलीकडे पाहून डोळे मिचकावणारी नजर तेवढी जायची उरली आहे.